फादरांना गोरबोली येत नव्हती तेव्हा

फादर मच्याडो गेल्याचं मला चक्कीवर कळलं. ज्वारीचा डबा लावून मी बाकावर बसलो होतो. चक्कीवाल्या गजाननचा फोन वाजला, त्याने तो कानाला लावला आणि माझं दळण अर्ध्यातच असताना बटन बंद केलं. घरघर थांबेपर्यंत तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचे फादर गेले म्हणते नागपूरले. सकाळीच." अर्धं पीठ आणि अर्धी ज्वारी तशीच घेऊन मी घरी आलो. ताप उतरत नाही म्हणून त्यांना नेलं होतं, आठवड्यात परत येतो म्हणाले होते... विमलने, म्हणजे माझ्या बायकोने, डबा उघडून पाहिला आणि मला काही बोलणार तेवढ्यात माझं तोंड पाहून तो तसाच बंद केला.

'तुमचे फादर' हे गजाननचं म्हणणं मात्र मला त्या दिवशीही खटकलं. मी ख्रिस्ती नाही. आम्ही गोर, म्हणजे तुम्ही ज्यांना बंजारा म्हणता ते. आमच्या घरात सेवालाल महाराजांचा फोटो आहे आणि जमेल त्या चतुर्थीला मी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जातो. राळेगावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवत होतो आणि निवृत्त झाल्यावर मुलाने शहरात ये म्हटलं तरी तांडा सोडला नाही. आमच्या तांड्यातली मोजकी घरं ख्रिस्ती आहेत. फार पूर्वी इथे सिस्टर लोकांचा दवाखाना होता, तेव्हापासूनची. त्यांच्यासाठी तांड्याच्या टोकाला मिशन आहे. मिशन म्हणजे पत्र्याचं देऊळ, फादरांच्या दोन खोल्या आणि पुढे लांब पडवी. मिशन आणि तांडा यांच्या मधोमध हापशी आहे, ती दोघांची. एवढाच आमचा आणि त्यांचा शेजार.

लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. फादरांबद्दल लिहिण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि नेमकी तीच पुरी लिहिता येत नाही. म्हणून परसरामला विचारलं. परसराम माझा जुना विद्यार्थी, आता त्याला नातवंडं आहेत. तो म्हणाला, "लिहा ना गुरुजी. फक्त थे नका लिहू." नावं बदलली आहेत, तांड्याचं नाव देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि त्यांना आधीपासूनच माहीत आहे.

फादर इथे आले ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, राळेगावच्या एसटीने. बिशप हाउसची जीप घेऊन येता आलं असतं, पण ती नादुरुस्त होती म्हणे. एक पत्र्याची ट्रंक, एक पिशवी, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली केळीची रोपं. वसईकडचा माणूस. तिकडे त्यांच्या घरची केळीची वाडी. मी तेव्हा स्टॉपवरच होतो. हे उंच, काळेसावळे, पन्नाशीचे गृहस्थ घामाने भिजलेले खाली उतरले आणि मला म्हणाले, "नमस्कार. चर्चकडे जाण्याचा मार्ग आपण दाखवाल का?" मी म्हटलं, मार्ग नाही, रस्ता आहे, तोही कच्चा आहे. ट्रंकेचं एक टोक धरून मी त्यांना मिशनपर्यंत पोहोचवलं. वाटेत त्यांनी मला इथल्या पाण्याबद्दल विचारलं. केळी येईल का? मी म्हटलं, कपाशी येते, तूर येते, केळीचं नाव काढू नका. त्यांनी रोपं लावलीच. ती वाळली. पुढच्या वर्षी पुन्हा आणली. याला जिद्द म्हणायचं की मठ्ठपणा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तांड्याला ते पसंत पडले नाहीत. त्यांच्या आधीचे फादर आदिलाबादकडचे होते, गोरबोली घडाघडा बोलायचे, बायांशी भांडायचे, म्हाताऱ्यांना दटावायचे. या नव्यांचं मराठी म्हणजे छापील. 'तुम्हांस', 'आपणांस'. आमच्या बाया त्यांच्यासमोर पदर तोंडावर घेऊन हसायच्या आणि मिस्सा झाली, म्हणजे रविवारची प्रार्थना झाली, की एकमेकींना त्यांची नक्कल करून दाखवायच्या. सोयाबीनच्या पैशांतून देवळाला नवं दार करू म्हणणारे लोकही जरा गप्प झाले. फादरांना ते कळत होतं. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहा पिताना म्हणाले, "गुरुजी, मला वाटतं माझी इथे बदली करणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला असावा." माणूस स्वतःवर हसू शकतो हे पाहून मला जरा बरं वाटलं. तेव्हापासून ते रोज यायला लागले.

मी मास्तर माणूस, दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायची सवय. एकदा विचारलंच, की तुम्ही या धंद्यात पडलात कसे. देवाने हाक मारली वगैरे म्हणतात ते खरं का? ते म्हणाले, "मला कोणी हाक मारली नाही हो. वडील आजारी होते. अंगावरून वारं गेलेलं. आमच्या गावचे म्हातारे फादर रोज दुपारी यायचे आणि खाटेजवळ बसायचे. वडिलांना बोलता येत नव्हतं आणि फादर मुळातच कमी बोलणारे. दोघं नुसते बसलेले असायचे. मी तेव्हा वाडीला पाणी लावायला जायचो, येता-जाता बघायचो. मला वाटलं, हे काम आपल्याला जमेल." मी म्हटलं, "बसायचं?" ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, असल्या कामाला आमच्या जिल्हा परिषदेत पुष्कळ जागा आहेत. ते इतके हसले की चहा सांडला.

आता ती गोष्ट. ईस्टरच्या आधी या लोकांचा उपवासाचा काळ असतो आणि त्यात प्रत्येकाने कुमसार करायचा असतो. कुमसार म्हणजे आपल्या हातून झालेली पापं फादरांना एकट्याला सांगायची आणि त्यांनी देवाच्या नावाने क्षमा करायची. फादरांनी ते कोणालाही, कधीही, कशाहीसाठी सांगायचं नाही, मरेपर्यंत नाही, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. शब्द वसईचा आहे. आधीचे फादर काही वेगळं म्हणायचे, पण मच्याडो फादरांनी कुमसार म्हटलं आणि तांड्याने तोच उचलला. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी फादर स्वतः जायचे. तसे ते त्या पहिल्याच वर्षी एका सकाळी सोमली याडीकडे आले. याडी म्हणजे आई, पण सोमलीला अख्खा तांडाच याडी म्हणायचा. परसरामची ती आई. धाकटा मुलगा शेजारच्याच घरात राहत होता. दोघा भावांचं शेत अजून एकत्र होतं.

याडी लिंबाखाली खाटेवर बसली होती. फादरांनी गळ्यात कुमसाराचा जांभळा पट्टा घातला, समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोला आई." आधीचे फादर असं करत नसत. ते खोलीत नेऊन दार लावायचे आणि स्वतःच विचारायचे, खोटं बोललीस का, भांडलीस का, आणि याडी हो-नाही करायची. झालं. हे नवे फादर मात्र काही विचारेनात. नुसते बसले. याडीने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले आणि ढावलो सुरू केला.

ढावलो म्हणजे आमच्या बायांचं रडणं. लग्न होऊन निघालेली पोर आई-बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून असं सुरात रडते, आणि पुढे जन्मभर माहेरचं माणूस भेटलं की रडते. त्यात शब्द असतात. नुसतं हुंदके देणं नव्हे, सगळं सांगणं असतं. कोण वारलं, कोणी मारलं, कोणाचं काय चुकलं, स्वतःचं काय चुकलं. आमच्या जुन्या बायांना मनातलं सांगायची हीच एक रीत ठाऊक होती. ती मोठ्या आवाजातच असते, कारण आपल्या माणसाने ती ऐकावी अशी अपेक्षा असते. याडीला फादर माहेरचे वाटले की काय, कोणास ठाऊक. तिने सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं. आणि त्या सगळ्यात ते एक आलं.

तेव्हा मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत होतो. भाकरी थापणाऱ्या बायांचे हात थांबले. पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबली. ते परसरामबद्दल होतं, एवढंच लिहितो, आणि एवढं लिहायला त्याची परवानगी आहे. ते बाहेर पडलं असतं तर त्या दोन भावांच्या घरांमधला तो एक लिंब कापला गेला असता, शेताचे तुकडे झाले असते आणि कोणाच्या तरी हातात कुऱ्हाड दिसली असती. मी उगीच भडक लिहीत नाही, आमचे लोक मला माहीत आहेत. परसराम त्या वेळी शेतात होता, त्याचा भाऊही. फादरांना यातलं एक अक्षर कळलं नाही. ते डोळे मिटून बसले होते. याडी थकून थांबली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आपली प्रार्थना म्हटली, तिचे डोळे आपल्या रुमालाने पुसले आणि उठले. मागे वळले तर अख्खा तांडा जागच्या जागी उभा.

ते सरळ माझ्याकडे आले. "गुरुजी, यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

"समजलं?"

"गोरबोलीत होतं. तुमच्याशिवाय सगळ्यांना समजलं."

त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा नंतर कधी पाहिला नाही. खाली बसले ओट्यावर. मला वाटलं, त्यांना निदान कळायला तरी हवं, म्हणून मी म्हटलं, "असं आहे फादर, ती म्हणाली की..." त्यांनी माझं मनगट धरलं. "नका. ते मला देवाच्या हिशेबी सांगून झालंय. तुमच्याकडून मला ऐकता येणार नाही. आणि गुरुजी, तुम्हालाही ते आता कोणाला सांगता येणार नाही. ज्याच्या कानावर कुमसार पडला, तो बांधला गेला." मी म्हटलं, अहो मी कशाला बांधला जाईन? मी तुमच्या धर्माचा नाही. ते म्हणाले, "कान तर आहेत ना?" मला राग आला. खरंच आला. आपल्याच ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या माणसाला असं परस्पर कोणी बांधून टाकावं म्हणजे काय?

पण मग त्यांनी जे केलं ते पाहून माझा राग टिकला नाही. त्या उन्हात ते घरोघरी गेले. ख्रिस्ती घरं, आमची घरं, नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, घर, पानठेला. मला बरोबर घेतलं, कारण त्यांचं छापील मराठी म्हाताऱ्यांना कळत नव्हतं. प्रत्येक घरात ते खाली बसायचे, पाणी मागायचे, प्यायचे आणि एकच बोलायचे. "आईने जे सांगितलं ते माझ्यासाठी होतं. माझ्या चुकीने ते तुमच्याकडे आलं. मला दार लावायला हवं होतं. ते तुम्ही कोणाला बोलला नाहीत, तर मला परत मिळालं असं मी समजेन." शपथ मागितली नाही, देवाची भीती घातली नाही. बाया, ज्या कालपर्यंत त्यांची नक्कल करत होत्या, त्या खाली मान घालून ऐकत होत्या. नायक आमचा तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "फादर, या तांड्यात पोट्ट्याचं बारसं व्हायच्या आधी त्याचं नाव फुटते. हे कसं टिकन?" फादर म्हणाले, "मला माहीत नाही. मी फक्त मागायला आलोय." नायकाने दाढी खाजवली. मग म्हणाला, "पाहू."

दिवस कलताना परसराम बैल घेऊन आला. सगळे आपापल्या दारात होते आणि कोणी काही बोलत नव्हतं. असं आमच्या तांड्यात होत नाही. तो थबकला. "काय झालं? सारे चूप काहून हायत?" मी त्याच्या दाराच्या समोरच होतो. मला वाटलं, आता फुटणार. एवढ्या सगळ्या तोंडांतून एकाचं तरी सुटणार. पानठेल्यावरून नायक म्हणाला, "काही नाही बे. नवे फादर आल्ते. याडी रडली. तुह्या मामाची याद आली तिले." एक बाई म्हणाली, "हो ना, लय रडली." दुसरी म्हणाली, "आता निजली हाये, उठवू नोको." परसराम बैल बांधायला गेला. मी घरात जाऊन पाणी प्यालो.

अर्थात, माणूस मूर्ख नसतो. काही दिवसांनी परसरामला काहीतरी आहे असं वाटायला लागलंच. तो आला की बोलणं बदलतं, हे त्याने हेरलं. मी मिशनच्या पडवीत फादरांबरोबर बसलो होतो, तिथे तो आला आणि उभ्यानेच म्हणाला, "फादर, याडीनं माह्याबद्दल काय सांगतलं तुम्हाले?"

फादर म्हणाले, "परसराम, मला कळलंच नाही."

हे तर खरंच होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुम्ही तर होते." मी म्हटलं, मी पेपर वाचत होतो. मी त्याला पाचवीपासून शिकवलेलं, माझं खोटं त्याला लगेच कळलं असणार. तो पायरीवर बसला. बैलाच्या दोरीचा तुकडा हातात होता, तो उलगडत बसला. मग एकदम फादरांना म्हणाला, "तुम्हाले जर समजलंच नाही, त मंग माफी कशी देल्ली?"

मी मनात म्हटलं, शाब्बास. असा प्रश्न त्याने माझ्या वर्गात कधी विचारला नव्हता. फादर म्हणाले, "माफी मी नाही देत, परसराम. मी तिथे बसतो फक्त. जो देतो त्याला गोरबोली येते."

परसराम हसला नाही. रडलाही नाही. दोरी खिशात घातली आणि म्हणाला, "मंग मले नाही पायजे माहीत. त्याले माहीत हाये ना, बस झालं." आणि गेला. त्याने पुन्हा कधीही विचारलं नाही, आईला नाही, भावाला नाही, मला नाही. माझ्या मते त्या पडवीत त्या दिवशी एक घर वाचलं. वाचवलं कोणी, यावर मात्र माझं आणि विमलचं अजून एकमत नाही. मी म्हणतो फादरांनी, ती म्हणते परसरामने.

तो गेल्यावर फादर माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं खुशीत असतील. म्हणाले, "ते परसरामला सांगायला ठीक आहे, गुरुजी. पण कोणी एवढं आतड्यापासून सांगावं आणि मी दगडासारखं बसावं, यासाठी मला इथे पाठवलं का? मला तुमची बोली शिकवा." मग शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी, माझ्या ओट्यावर. एवढा गचाळ विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही. सगळं पाठ करायचे आणि तोंडातून वसईच निघायची. मी ओरडायचो. ते निमूट पुन्हा म्हणायचे. आमची पोरं कुंपणावर बसून त्यांना चुका सांगायची. विमल चहा आणायची आणि म्हणायची, अहो, ते तुमच्या वयाचे आहेत, जरा हळू. पण दोन पावसाळे गेले आणि एके दिवशी हापशीवर एका म्हातारीने काहीतरी खवचट म्हटलं, त्यावर फादरांनी तिला आमच्या बोलीत असं उत्तर दिलं की ती घागर टाकून हसत बसली. मला, सांगायला हरकत नाही, अभिमान वाटला.

त्याआधीच, पुढच्या वर्षीच्या उपवासात, आणखी एक रीत पडली होती. फादर पुन्हा याडीकडे आले. या वेळी त्यांना तिला खोलीत न्यायचं होतं, पण तिचे गुडघे धरलेले, ती लिंबाखालून हलेना. फादरांनी पट्टा गळ्यात घातला. पानठेल्यावरून नायक उठला आणि मोठ्याने म्हणाला, "चाला रे, पानी पाहू." आणि हापशीकडे चालायला लागला. कोणी काही विचारलं नाही. माणसं उठली, बायांनी तवे उतरवले, पोरं उचलली, घागरी घेतल्या. ज्यांच्या घरी नळ आहे तेही बादली घेऊन निघाले. मीही गेलो. अख्खा तांडा हापशीभोवती गोळा झाला आणि दांडा वरखाली व्हायला लागला. ती आमची हापशी कोरड्या घशाची, किंचाळते. तिच्या आवाजात लिंबाखालचं काही ऐकू येत नव्हतं. फादर हात हलवेपर्यंत आम्ही पाणी काढत राहिलो आणि तिथे एवढा चिखल झाला की दुसऱ्या दिवशी म्हशी येऊन बसल्या. तेव्हापासून जांभळा पट्टा दिसला की तांडा हापशीवर. हे कोणी ठरवलेलं नाही, कुठे सांगितलेलं नाही. बाहेरून सून आली तर तिला पहिल्या वर्षी सासू हाताला धरून नेते.

फादरांना बोली आली तेव्हा याडी अजून होती. तिनेच नंतर विमलला सांगितलं, म्हणून मला कळलं. फादर तिच्यापुढे बसले तेव्हा ती म्हणाली, बेटा, आता तुला समजतं, तर ते जुनं परत सांगू का? फादर म्हणाले, नको याडी. त्याची क्षमा झाली आहे. झालेलं पुन्हा कशाला मागायचं? याडी म्हणाली, तुला ऐकायचं नाही? ते म्हणाले, नाही. त्यावर ती विमलला म्हणाली होती, "मला वाटलं, खरंच गेलं ते. त्याला हवं असतं तर माझ्याकडे राहिलं असतं." याडी पुढच्या हिवाळ्यात गेली. परसराम आणि त्याचा भाऊ, दोघांनी मिळून खांदा दिला. शेत अजून एकत्र आहे.

फादरांबद्दल आणखी बरंच सांगता येईल. सेवालालच्या भोगाला ते येऊन मांडी घालून बसायचे, माझ्याकडून चिंतामणीचा प्रसाद हक्काने मागायचे, दमा असून मोटारसायकल हाणायचे आणि मी रागावलो की 'हो गुरुजी' म्हणून पुन्हा तेच करायचे. शेवटची दोन वर्षं ते थकले होते. बिशप हाउसने दोनदा परत बोलावलं. ते म्हणाले, बोली शिकायला मला एवढा वेळ लागला, आता कुठे वापरतोय. मला त्यांची फार सवय झाली होती. संध्याकाळी ओट्यावर चहा दोन कप होतो आणि एक परत आत जातो, हे विमलला कळतं.

त्यांना पुरायचं दुसरीकडे होतं, जिथे त्यांचे सगळे फादर पुरतात तिथे. तांड्याने मागून पाहिलं, पण नियम नियम. तरी नागपूरहून गाडी वाट वाकडी करून इथे आणली आणि दोन-तीन तास मिशनच्या पडवीत त्यांना ठेवलं. वसईहून त्यांची बहीण आली होती, फादरांसारखीच उंच, पांढऱ्या साडीतली. तिला खुर्ची दिली. लोक येत होते, पाया पडत होते. राळेगावहून माझे जुने सहकारी आले, मुकुटबनकडून दोन सिस्टर आल्या. भाषण कोणी केलं नाही, ते एक बरं झालं.

मग आमच्या बाया आल्या. ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती, सगळ्या. त्या पेटीभोवती खाली बसल्या, एकीने पेटीवर दोन्ही हात टाकले आणि ढावलो सुरू केला. पहिल्या ओळीतच मला कळलं की हे नुसतं मेलेल्या माणसासाठी रडणं नाही. ती त्यांना सांगत होती. जे जिवंतपणी सांगायचं राहिलं होतं ते. फादरांच्या गळ्यात जांभळा पट्टा होताच, त्यांना तसंच निजवलेलं होतं. नायक आता म्हातारा झाला आहे, त्याला काठी लागते. तो उठला. काठी टेकत पायऱ्या उतरला आणि त्याच्या मागे सगळे. राळेगावचे माझे सहकारी गोंधळले, मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. पडवी रिकामी झाली. बाया राहिल्या, आणि फादरांची बहीण.

मी परत वर गेलो आणि वाकून म्हटलं, ताई, जरा खाली येता? तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. म्हणाली, "मी बसले तर चालणार नाही का? मला त्यांचं काहीच कळत नाहीये हो."

मी म्हटलं, "मग बसा. फादरांनाही कळलं नव्हतं."

मी खाली उतरलो. हापशीवर परसराम होता. नातवाला बाजूला करून त्याने दांडा स्वतः धरला होता आणि जोर लावून हापसत होता. बादली केव्हाच भरली होती, पाणी त्याच्या चपलांवरून वाहत होतं. पडवीतला आवाज चढला, तसा त्याने दांड्याला दुसराही हात लावला.